घाटात गाडी का उकळते?

यंत्रांच्या दुनियेत

दोस्तांनो, सुट्टीत वाईहून पाचगणीला गेलात की पसरणी घाटात एक दृश्य हमखास दिसतं. रस्त्याच्या कडेला एखादी गाडी उभी असते. बॉनेट उघडलेलं, आतून वाफेचे लोट निघताहेत, मागच्या चाकाला दगड लावलेला, आणि घरची मंडळी पाण्याच्या बाटल्या हातात धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. खाली सपाटीवर हीच गाडी शहाण्या बाळासारखी पळत होती. मग घाटातच तिला काय झालं?

"गाडी गरम झाली," एवढं सगळेच सांगतात. पण ती का गरम झाली, आणि आता नेमकं काय करायचं, हे सांगणारा मात्र एखादाच. आज आपण त्याचाच छडा लावू या. आणि त्यासाठी साधीसुधी गाडी न घेता एकदम राजेशाही गाडी घेऊ. जिला सगळ्यांत जास्त 'ताप' येऊ शकतो, अशी!

होळकरांची नारिंगी गाडी

नीरा नदी म्हणजे सातारा जिल्ह्याची उत्तरेकडची सीमा. या नीरेच्या काठच्या होळ गावावरून एका घराण्याला 'होळकर' हे आडनाव मिळालं. पुढे हे घराणं इंदूरला राज्य करू लागलं, हे तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. याच घराण्यातले महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना वेगवान मोटारींचा भारी शौक होता. त्यांच्यासाठी १९३५ साली एक गाडी तयार झाली. तिचं इंजिन आणि सांगाडा अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग कंपनीचा, तर वरचं देखणं अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवलेलं. लांबलचक नाक, उघडं छप्पर आणि नारिंगी-काळा रंग. जगभरचे जुन्या मोटारींचे शौकीन आजही या गाडीचं नाव आदराने घेतात.

तिच्या मॉडेलचं नाव 'एसजे'. इंजिनात एका रांगेत आठ सिलिंडर, आणि एकूण आकारमान जवळजवळ ६.९ लिटर. तुमच्या शेजारच्या काकांच्या छोट्या मोटारीचं इंजिन असतं एक-सव्वा लिटरचं! हेच इंजिन साध्या रूपात २६५ अश्वशक्ती देतं, असा कंपनीचा दावा होता. 'एसजे'मध्ये तोच आकडा झाला ३२०. इंजिन तेवढंच, सिलिंडर तेवढेच. मग ही जादा ताकद आली कुठून?

ती आली सुपरचार्जर नावाच्या एका फिरत्या चाकातून. त्या चाकाकडे आपण येणारच आहोत. त्याआधी मनातल्या मनात एक खेळ खेळू. समजा, ही नारिंगी गाडी मे महिन्याच्या दुपारी वाईच्या गणपतीचं दर्शन घेऊन पसरणी घाटाकडे निघाली आहे. पाचगणी सुमारे १२ किलोमीटर दूर आणि वाईपेक्षा साधारण ६०० मीटर उंच. पोचेल का ती न उकळता?

रुपयातले चार आणे

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या वर जातं. अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशाला आणि ओतीव लोखंड १२०० अंशांच्या आसपास. म्हणजे हिशेबाप्रमाणे इंजिनाचा पहिल्या काही मिनिटांतच लगदा व्हायला हवा! तो होत नाही, कारण सिलिंडरच्या भोवती पोकळ कप्पे असतात आणि त्यांतून पाणी सतत खेळत असतं. आत जाळ आणि बाहेर पाणी, असा हा संसार आहे.

पेट्रोलमध्ये जेवढी शक्ती आहे ती एक रुपया धरा. रुपयाचे आणे सोळा, हे आजीला विचारलंत तर ती सांगेल. जुन्या इंजिनात या सोळा आण्यांपैकी जेमतेम चार आणे चाकांपर्यंत पोचतात. साधारण पाच-सहा आणे धुराच्या नळीतून तापलेल्या वायूबरोबर निघून जातात. आणि जवळपास तेवढेच आणे उष्णतेच्या रूपाने पाण्यात उतरतात. गाडी पुढे नेण्याला जेवढी शक्ती लागते, तिच्याहून जास्त शक्ती नुसती पाणी तापवण्यात खर्च होते. आहे की नाही गंमत?

आता आपल्या नारिंगी गाडीचा हिशेब करू. तिचं वजन दोन टन धरू. दोन टनांचा बोजा ६०० मीटर वर चढवायचा तर किती उष्णता पाण्यात उतरेल? मी आकडेमोड करून पाहिली. ५० लिटरपेक्षा जास्त थंड पाणी उकळीला आणता येईल एवढी! म्हणजे आंघोळीच्या तीन बादल्या. आणि हा हिशेब फक्त चढाचा. टायरचं घासणं, हवेचा विरोध, इंजिनाचं स्वतःचं घर्षण हे सगळं आणखी वेगळं. गाडीत मात्र एवढं पाणी कधीच नसतं. तेव्हा तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरण्यावाचून गत्यंतर नाही.

थोडक्यात, इंजिन तापतं हा काही दोष नव्हे. ते तापणारच. जेवढ्या वेगाने उष्णता तयार होते, तेवढ्याच वेगाने ती बाहेर गेली पाहिजे. बस्स, एवढा एकच नियम लक्षात ठेवा. बाकीचा सगळा लेख त्याचाच पसारा आहे.

चहाची बशी आणि रेडिएटर

आजोबांना चहा पिताना पाहिलंय ना? कपातला कढत चहा ते बशीत ओततात आणि वरून फुंकर घालतात. कपात चहाचं तोंड लहान, बशीत ते पसरट. पसरट झाला की हवेशी जास्त गाठ पडते आणि चहा लवकर निवतो. फुंकर घातली की चहावरची तापलेली हवा दूर होते, ताजी हवा येते आणि काम आणखी लवकर होतं.

गाडीच्या नाकाशी असलेला रेडिएटर म्हणजे ही बशीच. इंजिनातून तापून आलेलं पाणी त्यात अनेक बारीक, चपट्या नळ्यांतून वाटून दिलं जातं. नळ्यांना पातळ पत्र्याच्या शेकडो पट्ट्या जोडलेल्या असतात. सगळ्या पट्ट्या उलगडून अंथरल्या तर अंगणभर होतील. आणि फुंकर कोण घालतं? गाडी पळत असेल तर समोरचा वारा. गाडी हळू असेल तर रेडिएटरमागचा पंखा.

आता बघा, पहिली ग्यानबाची मेख इथंच आहे. सपाट रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरने पळताना इंजिनावर भार थोडा आणि वारा भरपूर. घाटात मात्र भार दुप्पट-तिप्पट आणि वेग ताशी २०-२५. म्हणजे चहा जास्त कढत आणि फुंकर मात्र अगदी मंद! त्यातच मागून वारा असला तर मग बोलायलाच नको.

किर्लोस्करवाडीचं चाक

पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात फिरवायचं काम करतो पाण्याचा पंप. त्याची ओळख करून घ्यायला आपण जरा घाट सोडून सांगली जिल्ह्यात जाऊ या.

पलूसजवळ किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे आपला कारखाना थाटला. तेव्हा ते औंध संस्थानातलं निवडुंगाने भरलेलं माळरान होतं. ती जागा त्यांना दिली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं आणि मग शेतकऱ्याच्या विहिरीवर बसणारे पंप, असा या कारखान्याचा प्रवास झाला. पंप तिथं आजही बनतात.

तुमच्या मळ्यातल्या विहिरीवरच्या अशा पंपाच्या पोटात काय असतं? वाकड्या पात्यांचं एक चाक. चाक गरगर फिरलं की मधोमध आलेलं पाणी कडेला फेकलं जातं. पाऊस थांबल्यावर छत्री गरकन फिरवली की थेंब कडेने उडतात ना, तसंच! कडेला फेकलेलं पाणी नळीत कोंडतं, त्याला दाब मिळतो आणि ते उसाच्या सरीपर्यंत पोचतं. याला म्हणतात केंद्रोत्सारी पंप, म्हणजे मध्यापासून बाहेर सारणारा. मोटारीच्या इंजिनात पाणी फिरवणारा पंप याच जातीचा, फक्त तळहाताएवढा.

आणि आता खरी गंमत ऐका. होळकरांच्या ड्यूझेनबर्गमधला सुपरचार्जरही याच जातीचा होता! तेच पात्यांचं चाक, तीच फेकाफेक. फरक इतकाच की ते पाणी फेकत नसे, हवा फेकत असे. इंजिनाच्या पाच-सहापट वेगाने फिरून ते चाक सिलिंडरांत हवा अक्षरशः कोंबायचं. जास्त हवा आली की तिच्याबरोबर जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि जास्त पेट्रोल जळलं की जास्त ताकद. झाला उलगडा ३२० अश्वशक्तीचा!

एकाच जातीची दोन चाकं. एक आगीत भर घालणारं आणि दुसरं ती आग निववणारं. अशा गाडीचं आरोग्य म्हणजे या दोन चाकांचा समतोल.

हवा कोंबली की तापते

सायकलच्या चाकात हवा भरल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला कधी हात लावून पाहिलात? ते चांगलंच गरम लागतं. थोडी ऊब दट्ट्याच्या घर्षणाची असते, पण बरीचशी हवा दाबल्यामुळे आलेली. हवा दाबली की ती तापते, हा निसर्गाचा नियम.

सुपरचार्जरने ३० अंशांची हवा दीडपट दाबाची केली, तर ती ७० ते ९० अंशांपर्यंत तापते. म्हणजे सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वीच तिला ताप चढलेला! अशा गरम, दाबलेल्या हवेत मिसळलेलं पेट्रोल कधी कधी ठिणगीनंतर शिस्तीत न जळता एकदम भडकतं. मग इंजिनातून खडखड असा आवाज येतो. त्याला गॅरेजमध्ये 'नॉकिंग' म्हणतात. हे फार दिवस चाललं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

म्हणून सुपरचार्जरच्या गाडीत तीन ठिकाणी जादा उष्णता येते. हवा दाबताना, जादा पेट्रोल जळताना, आणि ते चाक फिरवायला इंजिनाचीच शक्ती खर्च होते म्हणून. 'एसजे'च्या बॉनेटखाली या चाकाने इतकी जागा अडवली की धुराच्या नळ्या बॉनेटच्या बाजूने बाहेर काढाव्या लागल्या. चकचकीत, लवचीक नळ्या! लोकांना वाटायचं शोभेसाठी आहेत.

हवा कोंबण्याचा हा मार्ग सगळ्यांनाच पसंत नव्हता बरं का. इंग्लंडचे वॉल्टर बेंटली यांचं म्हणणं होतं, ताकद हवी असेल तर सरळ मोठं इंजिन बनवा. पण त्यांच्याच गाड्या पळवणारा टिम बर्किन हा शर्यतवीर ऐकेना. त्याने साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर बसवून घेतला. १९३० सालच्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत या गाड्यांनी वेगाचा थरार दाखवला खरा, पण त्यांतली एकही शेवटपर्यंत पोचली नाही. तिथं उतरलेली सुपरचार्जरवाली मर्सिडीजही मधेच बाद झाली. पहिला आणि दुसरा नंबर पटकावला तो बेंटलीच्याच, पण सुपरचार्जर नसलेल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांनी. वेग मिळवणं एक, आणि तो टिकवणं दुसरं!

महाबळेश्वरची डाळ

घाटात आणखी एक चोर लपलेला असतो. पाणी १०० अंशांना उकळतं, असं आपण पाठ करतो. पण ते समुद्रसपाटीवर! उंचावर हवेचा दाब कमी होतो, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. सांगलीत, सुमारे ५५० मीटर उंचीवर, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळी फुटते. तिथे कुकरशिवाय डाळ शिजवायला घेतली तर ती लवकर शिजत नाही, ती यामुळेच.

गाडी चढू लागली की एकीकडे पाणी तापत जातं आणि दुसरीकडे उकळीची रेषा खाली खाली येत जाते. शिवाय महाबळेश्वरची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ, म्हणून तिची फुंकरही तेवढी कमजोर.

यावर माणसाने काढलेला तोडगा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. प्रेशर कुकर! आतली वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. आजच्या गाड्यांच्या रेडिएटरचं झाकण हेच करतं. त्यातली स्प्रिंग कुकरच्या शिट्टीसारखी ठरावीक दाबापर्यंत वाफ अडवते. त्यात पाण्याबरोबर कूलंट मिसळलेलं असतं, त्यामुळे उकळी आणखी लांबते आणि गंजही चढत नाही.

पण फार जुन्या गाड्यांना असं दाबाचं झाकण नसायचं. त्यांच्यासाठी साडेपंच्याण्णव म्हणजे साडेपंच्याण्णव! म्हणूनच १९१०-२० च्या दशकांतल्या कित्येक गाड्यांच्या नाकावर, रेडिएटरच्या झाकणावर, एक गोल तापमापक उभा असायचा. त्याचं नाव मोटोमीटर. आतला लाल द्रव वर चढताना चालकाला बसल्या जागेवरून दिसायचा. ताप बघायला थर्मामीटर थेट कपाळावरच लावलेला!

ताप उतरवायचा कसा?

जुन्या गाड्यांची निगा राखणारे जाणकार कारागीर घाटात जाण्यापूर्वीच अर्धी लढाई जिंकतात. ते काय काय पाहतात?

एक, क्षार. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरलं की बंबाच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. हा थर उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून रेडिएटर साफ करून घेतात आणि क्षार नसलेलं शुद्ध पाणी व कूलंट भरतात.

दोन, फुंकरीची वाट. रेडिएटरच्या पट्ट्यांत अडकलेली माती, गवत, मेलेले किडे उलट दिशेने पाणी मारून काढतात. पंख्याभोवती पत्र्याचा घेर बसवला की पंखा रेडिएटरच्या पूर्ण अंगातून हवा ओढतो. काही शौकीन तर बाहेरून दिसणार नाही असा विजेचा पंखा लपवून बसवतात. गाडी जुनीच दिसते आणि निवतेही!

तीन, पट्टा आणि नळ्या. पंखा आणि पंप फिरवणारा पट्टा सैल झाला की दोघेही आळशी होतात. रबरी नळी मऊ पडली की जोरात ओढलेल्या पाण्यामुळे ती आतल्या आत चपटी होते, आणि पाणी अडतं.

चार, ठिणगीची वेळ. ठिणगी फार उशिरा पडली तर जाळ सिलिंडरमध्ये काम करण्याऐवजी धुराच्या वाटेने जातो आणि सगळं तापतं. फार लवकर पडली तर ती मघाची खडखड सुरू होते. पेट्रोल फार कमी आणि हवा फार जास्त झाली तरी तापच.

आणि पाचवी गोष्ट चालकाच्या उजव्या पायात! केंद्रोत्सारी चाकाचा गुण असा, की त्याचा वेग निम्मा केला तर दाब चौथाईवर येतो. म्हणजे पाय आवरून, इंजिन फार न पळवता गाडी चढवली, तर सुपरचार्जर जवळजवळ झोपलेला असतो आणि त्याची जादा उष्णताही येत नाही. तेव्हा आपली नारिंगी गाडी पाचगणीला पोचेल का? रेडिएटर साफ असेल आणि पाय शहाणा असेल, तर नक्की पोचेल. पण "बघा आमच्या गाडीची ताकद!" म्हणत घाटभर पेडल दाबून धरलं, तर बुवासाहेबाच्या वळणाच्या आतच मंडळी दगड शोधायला उतरतील.

घाटात उकळलीच तर

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्यापैकी बहुतेक जण अजून गाडी चालवत नाहीत. पण गाडीत बसता तर खरे! आणि अशा वेळी मोठी माणसं गोंधळली तर योग्य गोष्ट सांगणारं कुणीतरी हवं. म्हणून हे नीट वाचा.

गुऱ्हाळावर गेलात तर काहिलीकडे बघा. उसाच्या रसात पाणी आहे तोवर जाळ कितीही असला तरी तापमान आवाक्यात राहतं. पाणी आटलं की मात्र ते झपाट्याने चढतं, आणि गुळव्याचं लक्ष जरा चुकलं की गूळ करपलाच. इंजिनाचंही तसंच. पाणी आहे तोवर वेळ आहे. ते गेलं की काही मिनिटांत हेडचा धातू वाकतो, गॅस्केट उडतं, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो.

तेव्हा वाफ दिसायची वाट पाहू नका. काटा लाल रेषेकडे सरकू लागला की लगेच एसी बंद करायला सांगा, आणि जागा दिसताच गाडी वळणापासून दूर, कडेला घ्यायला सांगा. गाडीचा हातब्रेक लावून चाकाला दगड लावा. (निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाकायचा, हं! मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवाशी खेळ नको.) काटा नुसता चढलाय, वाफ नाही, पाणी गळत नाही आणि पट्टा शाबूत आहे, तर दोन-तीन मिनिटं इंजिन जागच्या जागी चालू ठेवावं. पंप आणि पंखा फिरत राहतात आणि काटा उतरतो. पण वाफ येत असेल, पाणी गेलं असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद.

आणि आता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा असा नियम: तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत ११०-१२० अंशांचं पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. झाकण सुटलं, दाब गेला, की ते पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट वर उसळतं, थेट तोंडावर आणि हातांवर. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण ओढण्यासारखंच हे. त्यात डोळे जाऊ शकतात. घाई करणाऱ्या काकांना, मामांना, अगदी बाबांनासुद्धा हात धरून थांबवा. "लहान तोंडी मोठा घास" म्हणाले तर म्हणू द्यात.

किमान अर्धा तास तरी जाऊ द्या. वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवली की मगच मोठ्या माणसाने, जाड फडकं धरून, तोंड बाजूला ठेवून झाकण आधी थोडंसंच फिरवावं. फुसफुस पूर्ण थांबली की मग काढावं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही. चुलीवरचा तापलेला काचेचा ग्लास गार पाण्यात बुडवला तर काय होईल? तसाच लोखंडालाही तडा जातो. पाणी हळूहळू, थोडं थोडं भरावं. शक्यतो कोमट असलेलं चांगलं. मग जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जावं आणि पाणी का गेलं ते शोधून काढावं. पाणी भरून नुसतं पुढे जाणं म्हणजे ताप का आला हे न बघता गोळी खाणं.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दहा-पंधरा वेळा जोरात दट्ट्या मारा. खालचं टोक किती गरम झालं? मग दट्ट्या तितक्याच वेळा, पण तोंड मोकळं ठेवून मारा. दोन्हींतला फरक म्हणजे हवा दाबल्याची उष्णता.

२. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी सिरिंज आणा. हाताला सोसेल इतकं गरम पाणी मोठ्यांच्या मदतीने तिच्यात थोडंसं भरा. आतली हवा बाहेर काढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. पाण्यात बुडबुडे फुटताना दिसतील. न तापवता पाणी उकळलं! दाब कमी झाला की उकळी लवकर, हे महाबळेश्वरला न जाता घरातच दिसलं.

या आठवड्याचं कोडं

घाट चढताना गाडीचा काटा लालकडे सरकू लागला. एका हुशार मुलीने आईला सांगितलं, "एसी बंद कर, सगळ्या काचा उघड आणि हीटर पूर्ण सुरू कर!" मे महिन्यात हीटर? सगळे हसले. पण पाच मिनिटांत काटा खाली आला. हे कसं झालं? आजच्या लेखातल्या बशीची आठवण ठेवलीत तर उत्तर दूर नाही. उत्तर आणि त्यामागचं कारण चार ओळींत लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात ताडून पाहू.

तोवर कुणाच्या घरी जुनी गाडी असेल, तर रविवारी इंजिन पूर्ण थंड असताना मोठ्यांबरोबर तिचं बॉनेट उघडा. रेडिएटर, पंखा, पट्टा आणि पाण्याचा पंप, चौघांनाही शोधून काढा. सापडले की पाण्याची पातळीही बघून घ्या!